रत्नागिरीच्या पावसात पर्सा सांभाळताना

सोलापुरात असताना पर्स कशी ठेवायची यावर डोकं चालवायची वेळच आली नाही. कपाटाच्या वरच्या खणात टाकायची, लग्नकार्य निघालं की काढून झटकायची आणि खांद्याला लावून निघायचं. फार तर धूळ असायची. उन्हाळ्यात कातडं जरा कडक वाटायचं, एवढंच. वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पाहणाऱ्या गावात आणखी काय व्हायचं? मग बँकेने बदली केली रत्नागिरीला. इथला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

बदलीची गडबड, मुलीची शाळा, गॅसची जोडणी या सगळ्यात पर्सा तशाच एका पिशवीतून आल्या आणि बेडरूममधल्या फडताळात गेल्या. घर भाड्याचं, जुनं, जांभ्याचं. भिंती दीड हात जाड आणि फडताळ त्या भिंतीतच कोरलेलं, वर सागवानी दारं. दिसायला इतकं देखणं की सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अगं, यात देव बसवावेत." देव बसवले नाहीत तेच बरं झालं. श्रावणात कुणाकडे मंगळागौरीला जायचं म्हणून दार उघडलं, तर आतून ओल्या गोणपाटासारखा वास आला. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधून घेतलेली माझी तपकिरी पर्स पांढऱ्या ठिपक्यांनी भरली होती. ठिपके गोल, कडेला पांढरे, मधोमध हिरवट, बोट लावलं तर मऊ. शेजारची काळी ऑफिसची पर्स वरून स्वच्छ होती, पण उचलली तर तिच्या पट्ट्याचे पापुद्रे माझ्या तळहाताला चिकटून आले.

घरमालकीण काकू शेजारीच राहतात. त्यांना दाखवलं तर त्या अजिबात दचकल्या नाहीत. "अगो, भिंतीतल्या फडताळात चामडं ठेवतं का कुणी? तिथे आम्ही पितळेची भांडी ठेवतो." जांभा सच्छिद्र असतो. बाहेरून पावसाचा मारा बसला की तो पाणी पीत राहतो आणि आतल्या बाजूने हळूहळू सोडतो. भिंत गार, खोलीतली हवा दमट. त्या गार भिंतीला टेकलेली हवा आणखी ओली होते. वर दार घट्ट लावलेलं, म्हणजे वारा नाही. बुरशीला याहून काय हवं? कातडं, कापड, डिंक, खळ, जुन्या घामाचा आणि हाताच्या तेलाचा थर, सगळं तिचं खाणंच. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की ती धरायला लागते, आणि जुलै-ऑगस्टात रत्नागिरीत आकडा 80 च्या खाली उतरला तर लोक कपडे वाळत घालायला पळतात.

काकूंच्या घरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, तयारी मेमध्येच सुरू होते. सुकी मासळी, लाकडं, आमसुलं, पापड-कुरडया, घोंगड्या आणि इरली झटकून ठेवणं, सगळं ठरलेलं. त्या यादीत चामड्याच्या वस्तूंना उन्हं दाखवून, पुसून, माळ्यावरच्या लाकडी पेटीत हलवणंही असतं, हे मला तेव्हा कळलं. खालच्या खोल्यांपेक्षा माळा गरम आणि कोरडा. कौलांखाली पाऊस नसला की लगेच तापतो. आमच्या वाट्याला माळा नव्हता, त्यामुळे मला दुसरा मार्ग काढावा लागला.

आधी साफसफाई. हे काम घरात करायचं नाही. बुरशी झटकली की तिचे बीजाणू हवेत उडतात आणि शेजारच्या स्वेटरवर जाऊन बसतात. पावसाने उघडीप दिली तशी सगळ्या पर्सा पडवीत आणल्या, जुन्या पत्रिकांचा रद्दी कागद पसरला, तोंडाला करोनाच्या वेळचा मास्क लावला आणि नवऱ्याचा जुना दाढीचा ब्रश घेतला. तो ब्रश या कामाला इतका चांगला आहे की विकत घेऊन ठेवावा. केस मऊ, लांब, शिवणीत आणि चेनच्या कडेला नीट जातात. कोरडाच फिरवायचा. ओलं फडकं आधी फिरवलं तर बुरशी कातड्याच्या छिद्रांत चोळली जाते आणि डाग पक्का होतो.

त्याआधी पर्सा रिकाम्या केल्या, आणि हा भाग मी थोडा सविस्तर सांगणार आहे, कारण अर्धा बिघाड इथेच असतो. आपण पर्स ठेवतो ती भरलेलीच ठेवतो. कोल्हापुरीच्या आतल्या कप्प्यात कुठल्यातरी देवळातल्या खडीसाखरेची पुडी निघाली, तिला पाझर फुटून अस्तर चिकट झालेलं. हळदीकुंकवाच्या पुडीतून कुंकू सांडून कोपऱ्यात जमलं होतं. ओल लागली की कुंकवाचा रंग धावतो. आतल्या फिक्या कापडावर आता कायमचा लाल ढग आहे. एसटीची तिकिटं, बँकेचंच एक व्हाउचर (ते मी वर्षभर शोधत होते), टिकल्यांचं पाकीट, एक झाकण नसलेलं बॉलपेन, आणि पाच रुपयांची नाणी. नाण्यांखाली अस्तरावर हिरवट वर्तुळं उमटली होती. अस्तर बाहेर ओढून काढलं, ब्रशने झाडलं, शिवणीतला चुरा दाभणाच्या बोथट टोकाने उकरला आणि पर्स उलटी करून, तोंड उघडं ठेवून पंख्याखाली ठेवली. साखरेच्या वासाने मुंग्या आल्याच. त्यांच्यापाठोपाठ झुरळं येतात, आणि झुरळाला खळ आणि डिंक फार प्रिय.

बुरशी झाडल्यावर जे उरतं ते पुसायला औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट घेतलं. निम्मं स्पिरिट, निम्मं पाणी, त्यात फडकं भिजवून घट्ट पिळायचं. आधी पर्सच्या तळाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघायचं. फडक्याला रंग आला तर तिथेच थांबायचं. कोल्हापुरीचा रंग किंचित आला, थोडी गडदही झाली, पण वाळल्यावर बरीचशी पूर्वपदावर आली. ते कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. कोल्हापुरी चपलेला जो भाजलेल्या मातीसारखा रंग आणि तो ओळखीचा वास असतो, तो त्यातूनच येतो. पण अशा कातड्यावर वरून प्लास्टिकचा पातळ थर नसतो, म्हणून ते पाणी लगेच पितं आणि बुरशीलाही लगेच जागा देतं. दुकानातल्या गुळगुळीत, एकसारख्या रंगाच्या पर्सा बहुतेक क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या आणि वरून रंगाचा थर दिलेल्या असतात. त्या जरा जास्त तग धरतात.

पुसल्यावर सावलीत वाळवायचं. उन्हात नाही. काकूंचं "उन्हं दाखवणं" म्हणजे सकाळचं कोवळं ऊन, तेही थोडा वेळ, हे मी त्यांना मुद्दाम विचारून घेतलं. भर दुपारी वाळवलं तर कातड्यातलं तेल उडतं, घडीवर भेगा पडतात आणि रंग एका बाजूने उतरतो.

खोबरेल तेलाबद्दल मात्र माझं आणि काकूंचं जमलं नाही. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला खोबरेल लागतं: केसांना, कोयत्याच्या मुठीला, दाराच्या बिजागरीला आणि चामड्यालाही. चामड्याला लावलं की पहिल्या दिवशी झळाळी येते, यात वाद नाही. पण जास्तीचं तेल आत मुरून राहतं, रंग काळपटतो, त्यावर धूळ बसते आणि पुढच्या पावसात तिथेच बुरशी पहिली धरते. आणखी एक गंमत आहे. माझ्या आईने सोलापुरात तिच्या पर्सला खोबरेल लावलं होतं आणि थंडीत तिच्यावर पांढुरकी साय आली. ती घाबरून फोनवर म्हणाली, आमच्याकडेही तुझी रत्नागिरीची बुरशी आली. तिला केसांचा ड्रायर थोडा लांब धरून फिरवायला सांगितलं. साय विरघळून गेली. बुरशी ऊब देऊन विरघळत नाही. गोठलेली चरबी विरघळते. नुसत्या कातड्यातलं तेलही कधीकधी असं वर येऊन गोठतं, तेव्हा पांढरं दिसलं की लगेच स्पिरिटची बाटली उघडू नका, आधी ऊब देऊन बघा. मी पर्सला चामड्याचं रंगहीन क्रीम लावते, मटाराच्या दाण्याएवढं, तेही फडक्यावर घेऊन, आणि अर्ध्या तासाने कोरड्या कापडाने सगळं पुसून काढते. पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, पुरे.

आता ती पापुद्रे सुटलेली काळी पर्स. मारुती मंदिरजवळ बॅगा आणि चेनी दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी नखाने पट्ट्याची कड उचलली, खालची कापडी जाळी मला दाखवली आणि म्हणाले, "ताई, हे चामडं नाहीच. हे सोलणारच. आज पट्टा, उद्या पोट." दुकानात "पीयू लेदर" असं जे सांगतात, ते म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. त्यातल्या पुष्कळशा प्रकारांत हवेतलं बाष्पच त्या थराचे रासायनिक दुवे तोडत जातं. म्हणजे पाणी लागलं नाही, वापर झाला नाही, कपाटात फुलासारखी ठेवली, तरीही ती आतून झिजत असते. दमट, गरम हवेत हे काम वेगाने होतं. एकदा सुरू झालं की डिंक, पॉलिश, तेल, काही उपयोगाचं नाही. काकांनी पट्टा बदलून द्यायला नकार दिला, आणि पैसे मिळत असताना नकार देणारा कारागीर भेटला की त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

यावरून माझं एक मत पक्कं झालं. आपल्याकडे उलटं चालतं: खऱ्या चामड्याची पर्स "रफ आहे" म्हणून रोज बाजारात नेतात आणि पीयूची चकचकीत पर्स समारंभासाठी जपून ठेवतात. पीयूची पर्स जपून ठेवायची वस्तूच नाही. घेतली की वापरायला काढा, दोन-चार वर्षांत तिचे पैसे वसूल करा. जपायचं तर चामडं, सूत, रेशीम जपावं.

मग जागेचा प्रश्न. सुतारकाम करायला घर आपलं नाही. शेवटी लोखंडी कपाटाचा मधला खण पर्सांना दिला आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. मागून वारा फिरला पाहिजे. कपाट ज्या भिंतीला आहे ती घराच्या आतली भिंत आहे, पलीकडे स्वयंपाकघर. पश्चिमेकडच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीला काहीच ठेवलं नाही. खाली पाय टेकतात तिथे विटांचे तुकडे घातले, कारण फरशीही घाम धरते.

आर्द्रता मोजायचं एक छोटं यंत्र ऑनलाइन मागवलं. काडेपेटीपेक्षा जरा मोठं, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवतं. नवऱ्याने चेष्टा केली, पण मग तोच दिवसातून दहा वेळा आकडा वाचायला लागला. भर पावसात खोलीत 86, फडताळात 90, लोखंडी कपाटात 84. म्हणजे फरक आहे, पण पुरेसा नाही. काकू म्हणाल्या, पूर्वी कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायचे. युक्ती खरी आहे: हवा थोडी जरी तापली तरी तिची आर्द्रता उतरते, आणि जुने तारेचे बल्ब उजेडापेक्षा उष्णताच जास्त द्यायचे. आता बाजारात झिरोचा बल्ब मिळतो तो एलईडीचा. तो कपाटात लावला तर पर्सा उजेडात बसतील, कोरड्या होणार नाहीत. जुना तारेचा मिळाला तरी कापडाशेजारी, बंद कपाटात, वायर दारातून ओढून लावायचा धीर मला झाला नाही. शिवाय पावसाळ्यात इथे लाईट कधी जाईल आणि कधी येईल, याला काही धरबंध नाही.

म्हणून पर्सांचे दोन वर्ग केले. ज्या चार महिने लागणारच नाहीत त्या हवाबंद पेटीत. ज्या अधूनमधून लागतात त्या कपाटात उघड्या.

हवाबंद पेटीचं नाव काढलं की लोक म्हणतात, पण प्लास्टिकमध्ये ठेवायचं नसतं ना? बरोबर आहे. पर्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली तर जी ओल पर्समध्ये आणि पिशवीतल्या हवेत आहे ती आत कोंडली जाते, आणि रात्री गारवा आला की तिचेच थेंब होतात. पण पर्स आधी पूर्ण वाळवून, झाकणाला रबराची कड असलेल्या पेटीत ओल शोषणारं काहीतरी घालून ठेवली, तर तेच बंद झाकण कामाला येतं. फोटोग्राफर मंडळी लेन्स अशाच ठेवतात. ओल शोषायला सिलिका जेल. बुटांच्या खोक्यात येतात त्या चिमुकल्या पुड्या आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात. त्या पर्समध्ये टाकून समाधान मिळतं, उपयोग होत नाही. मी किलोभर सुटे दाणे मागवले, नारिंगी रंगाचे. ओल भरली की ते हिरवे होतात. निळ्याचे गुलाबी होणारे दाणेही मिळतात, पण त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, आणि घरात लहान मूल असताना ते नको वाटलं. मलमलच्या पुरचुंड्या शिवून त्यात दाणे भरले, पेटीच्या चार कोपऱ्यांत ठेवले, आत मोजणीचं यंत्र ठेवलं आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी आकडा 31! हेही बरोबर नाही. इतक्या कोरड्या हवेत चामडं आखडतं. दोन पुरचुंड्या काढल्या, तेव्हा 48 च्या आसपास स्थिरावला. 45 ते 55 मध्ये राहिलं की मी निश्चिंत असते.

दाणे हिरवे झाले की ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन-तीन तास ठेवायचे, पुन्हा नारिंगी होतात. जास्त तापवले तर रंग दाखवायची शक्तीच जळते. यासाठी वेगळा ट्रे ठेवलाय, त्यावर मार्कर पेनाने "खायचा नाही" असं लिहिलंय, कारण सासूबाईंनी एकदा त्यात शेंगदाणे भाजायला काढले होते. पेटीतला आकडा बघून त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मग यात पापड का नाही ठेवायचे?" पापड त्यात ठेवलेले नाहीत. त्यांच्या कानाचं यंत्र मात्र रात्री तिथे झोपतं, वेगळ्या डबीत, आणि त्याला ते मानवलंय.

बाजारात ओल शोषणारे पांढऱ्या खड्यांचे डबे मिळतात, खाली पाणी जमत जातं. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. ते काम जोरात करतं, सिलिकापेक्षा किती तरी जास्त पाणी ओढतं. पण खाली जमतं ते साधं पाणी नसतं, खारट द्रावण असतं, आणि चामड्यावर सांडलं तर ते कातडं आकसून ताठ होतं, पुन्हा मऊ होत नाही. तो डबा मी कपाटाच्या अगदी तळाशी, बादलीत ठेवते. पर्सांच्या खणात कधीच नाही. डांबरगोळ्या तर घरातून हद्दपार केल्या. बुरशीचं त्यांना फारसं सोयरसुतक नसतं, वास मात्र अस्तरात वर्षभर राहतो. रेक्झिनला किंवा प्लास्टिकच्या बटणाला गोळी चिकटून राहिली तर तिथे चिकट खड्डा पडतो.

ठेवण्याची पद्धत आता सांगते. पर्स आडवी, एकावर एक अशी नाही. पुस्तकांसारखी उभी, आणि एकीचा दुसरीला स्पर्श नाही. पट्ट्यावर टांगायची नाही. रिकाम्या पर्सचंही वजन असतं, आणि महिनोन् महिने टांगून ठेवली की पट्टा जिथे शिवलेला असतो तिथलं कातडं ताणून लांबट होतं. साखळी असेल तर ती कापडात गुंडाळून पर्सच्या आत ठेवायची, नाहीतर कडी-कडीचा ठसा पुढच्या भागावर उमटतो. सुटणारा पट्टा सोडवून ठेवायचा.

आकार राहावा म्हणून आत भरायला वर्तमानपत्र वापरतात. कागद ओल पितो, शाई अस्तराला लागते, आणि पावसाळ्यात त्या बोळ्यालाच आधी वास येतो. माझ्याकडे सोलापूरची देणगी आहे: टॉवेल आणि नॅपकिन. लग्नात, बारशात, निवृत्तीच्या समारंभात मिळालेले, कपाटभर. जुने, पुष्कळदा धुतलेले पांढरे नॅपकिन इस्त्रीने गरम करून, निवल्यावर त्यांची गुंडाळी पर्सच्या तळाशी घालते आणि वर एक मोकळा बोळा. ठासून भरायचं नाही. शिवण ताणली की ती तशीच राहते. रंगीत नॅपकिन नको, दमट हवेत त्यांचा रंग उतरतो.

वरून घालायच्या पिशव्या सासूबाईंनी मशीनवर शिवून दिल्या, सासऱ्यांच्या जुन्या धोतरांच्या. कापड आधी गरम पाण्यात धुतलं, खळ नाही, नीळ नाही. खळीला कसर लागते आणि बुरशीलाही ती आवडते. प्रत्येक पिशवीच्या नाडीला पर्सच्या रंगाचा दोरा बांधलाय. एक शोधायला सगळ्या उघडाव्या लागत नाहीत.

पर्सांचा एकमेकींना स्पर्श नको हे मी आमच्या शाखेतल्या एका मैत्रिणीची पर्स बघून शिकले. तिची मोतिया रंगाची, काचेसारखी चकचकीत पर्स होती, फार सुंदर. ती उन्हाळाभर गडद वाइन रंगाच्या पर्सला टेकून राहिली. त्या चकचकीत थराने शेजारणीचा रंग असा ओढून घेतला की मोतिया पर्सच्या गालावर जांभळा पंजा उमटल्यासारखा झाला. तिने खोडरबर, टूथपेस्ट, स्पिरिट, जे कुणी सांगेल ते केलं. चकाकी गेली, पंजा राहिला. रंग आतच मुरलेला असतो, पुसायचं कुठे?

आजीचा बटवा (औषधांचा नव्हे, खराखुरा) हे वेगळंच प्रकरण. रेशमी कापड, जरीची वेलबुट्टी आणि वर पितळेची चौकट, चिमटीने टचकन बंद होणारी. जरीतली चांदी हवेनेही काळवंडते आणि घामाने, अत्तराने आणखी. तिला पुसायचं नाही, घासायचं तर मुळीच नाही, आणि घडी घालायची नाही; जरीचा धागा घडीवर तुटतो आणि आतला दोरा दिसायला लागतो. पितळेच्या चौकटीला, जिथे ती कापडाला शिवलेली आहे तिथे, कळंक चढला होता. भांड्यांसारखी चिंच लावायचा मोह होतो. चिंचेचं पाणी रेशमात गेलं की संपलंच. कान कोरायच्या कापसाच्या काड्या कोरड्याच घेऊन, चौकटीच्या कडेकडेने, खाली जाड कागदाची पट्टी सरकवून कळंक टिपून काढला. संध्याकाळ गेली त्यात. चौकट नव्यासारखी झाली नाही, पण हिरवं कापडाकडे सरकायचं थांबलं.

समुद्र जवळ असला की चेनींचंही हेच. खाऱ्या हवेने चेनीच्या दातांवर पांढुरका क्षार बसतो आणि एक दिवस चेन अडते, तेव्हा लोक हिसका देतात आणि दात मोडतात. कोरड्या ब्रशने दात झाडून मेणबत्तीचा तुकडा दोन्ही बाजूंनी फिरवायचा, मग हळूहळू पुढे-मागे करायची. तेल नको, ते अस्तरात उतरतं.

जून ते सप्टेंबर ऑफिसला मी आता इथल्या बायकांसारखीच नायलॉनची पर्स वापरते, आत डब्याला वेगळी पिशवी. चामड्याची एखादी बाहेर काढावीच लागली आणि भिजली, तर घरी आल्यावर सुक्या कापडाने टिपून, नॅपकिन भरून, रात्रभर पंख्याखाली ठेवते. तिला लगेच कपाटात शिरू देत नाही. एक ओली पर्स बाकीच्यांना बाधते. उघडीप मिळाली की कपाटाची दारं सताड उघडून समोर टेबलफॅन लावायचा. पेटी मात्र उघडीप असली तरी आधी आकडा बघूनच उघडते, आणि बाहेर 70 च्या वर असेल तर राहू दे.

बटवा आणि सहलीत कोलकत्याहून आणलेली शांतिनिकेतनची ठशाची, हाताने रंगवलेली पर्स मात्र मी इथे ठेवतच नाही. मेच्या शेवटी मुलीला सुट्टीत आजोळी सोडायला जाते तेव्हा त्या दोघीही सोलापूरला जातात, आईच्या कपाटात, वरच्या खणात. दिवाळीत परत येतात. आईला एकच ताकीद दिली आहे, खोबरेल लावायचं नाही. ती हो म्हणते. यंदा बटवा आणताना ड्रायरही सोबत नेणार आहे.